जर्मन भाषेचें वाचन व लेखन

परकी भाषा शिकण्याच्या दोन पायऱ्या आहेत आणि त्यांच्यामधील अंतर आपण समजतों त्यापेक्षां पुष्कळ मोठें आहे. दुसऱ्याचें म्हणणें त्याच्या भाषेंत वाचून समजून घेणें ही पहिली पायरी; आपलें म्हणणें त्याच्या भाषेंत मांडून त्यास विचार करावयास लावणें ही दुसरी. पहिलीनें मनुष्य बहुश्रुत होतो, दुसरीनें तो वादांतील पक्षकार होतो. इंग्रजीशीं महाराष्ट्राचा जो संबंध आला तो राज्यकर्त्यांच्या भाषेशीं आलेला संबंध होता. त्यांत आपल्या निवडीचा प्रश्न नव्हता. जर्मन भाषेची गोष्ट निराळी आहे. ती आपल्यावर कोणी लादली नाहीं. कचेरींत तिच्यावांचून कोणाचें अडत नव्हतें आणि तिच्यामुळें कोणास मामलत मिळत नव्हती. असें असूनही आपल्याकडील कांहीं थोर विद्वानांनीं ती कष्टानें साध्य केली. ती त्यांनीं कां साध्य केली, वाचनापाशीं कोण थांबले, लेखनापर्यंत कोण पोंचले, आणि बुलढाण्यासारख्या विद्यापीठांपासून दूर असलेल्या जिल्ह्यानें त्यापासून काय बोध घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

या इतिहासाचा आरंभ जर्मन पुस्तकांपासून होत नाहीं, जर्मन शिक्षकांपासून होतो. व्युर्टेम्बेर्ग प्रांतांतील मार्टिन हौग हे १८५९ सालीं पुण्याच्या सरकारी कॉलेजांत संस्कृताच्या अध्यापनासाठीं आले व १८६३ सालीं त्यांनीं ऐतरेय ब्राह्मणाची भाषांतरासह आवृत्ति मुंबईस प्रसिद्ध केली. त्याच वर्षीं गेओर्ग ब्यूलर हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत दाखल झाले. पुढें १८६६ सालीं फ्रान्झ कीलहॉर्न हे डेक्कन कॉलेजांत आले. ब्यूलर व कीलहॉर्न यांनीं मिळून मुंबई संस्कृत ग्रंथमालेचा पाया घातला आणि पतंजलीच्या महाभाष्याची कीलहॉर्नकृत आवृत्ति याच मालेंत निघाली. हे पंडित येथें होते तोंवर आपल्या विद्यार्थ्यांस जर्मन येण्याची गरज भासली नाहीं. ते शिकवीत इंग्रजींतून, येथें प्रसिद्ध करावयाचे ग्रंथ बहुधा इंग्रजींत लिहीत, आणि शास्त्र्यांजवळ बसून त्यांच्याकडून शिकतही असत. ही देवघेव समोरासमोरची होती.

परंतु हौग १८६६ सालीं, ब्यूलर १८८० सालीं व कीलहॉर्न १८८१ सालीं स्वदेशीं परतले, आणि त्यांच्याबरोबर चर्चेची भाषाही पालटली. संस्कृत शब्दांचा सर्वांत विस्तृत कोश पाहावा तर तो बोटलिंक व रोट यांचा सेंट पीटर्सबर्ग येथें १८५५ ते १८७५ या काळांत छापलेला. त्यांतील अर्थ जर्मन भाषेंत दिलेले. वाकरनागेल यांचें प्राचीन भारतीय भाषेचें व्याकरण १८९६ पासून निघूं लागलें, तेंही जर्मन. ओल्डेनबेर्ग यांचे ऋग्वेदावरील विस्तृत टिपण जर्मन. म्हणजे घरची ठेव आपली, पण तिची यादी दुसऱ्याच्या वहींत, दुसऱ्याच्या लिपींत, अशी आपली अवस्था झाली. वेदांतील एखाद्या शब्दाचा अर्थ युरोपांत कसा ठरला आहे हें ज्यास पाहावयाचें असेल, त्यास त्या वहीची भाषा शिकणें भाग होतें. आपल्याकडे जर्मनच्या अभ्यासास जी पहिली खरी प्रेरणा मिळाली ती या अडचणींतून मिळाली.

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे या संक्रमणकाळाचे प्रतिनिधि होत. कीलहॉर्न यांच्यानंतर १८८२ सालीं डेक्कन कॉलेजांतील त्यांची जागा भांडारकरांकडे आली. १८८५ सालीं ग्यॉटिंगेन विद्यापीठानें त्यांस सन्मानाची डॉक्टर पदवी दिली. पुढील वर्षीं व्हिएन्ना येथील प्राच्यविद्यापरिषदेस ते स्वतः उपस्थित राहिले. ब्यूलर यांनीं आरंभिलेल्या भारतीय विद्येच्या महाकोशांत वैष्णव, शैव व इतर पंथांवरील भाग लिहिण्याचें काम भांडारकरांकडे आलें व तो ग्रंथ १९१३ सालीं स्ट्रासबुर्ग येथें प्रसिद्ध झाला. ग्रंथमाला जर्मन, प्रकाशक जर्मन, पण भांडारकरांचा ग्रंथ मात्र इंग्रजी, ही गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. भांडारकरांची योग्यता एवढी होती कीं त्यांस त्यांच्या पसंतीच्या भाषेंत बोलूं देणें यजमानांस भूषणावह वाटलें. सामान्य विद्यार्थ्यास ही सवलत कोठून मिळावी?

एका भाषेच्या अभावामुळें दोन अभ्यासक एकमेकांपासून किती दूर राहूं शकतात याचें उदाहरण लोकमान्य टिळकांच्या ‘ओरायन’ ग्रंथाच्या निमित्तानें दिसून येतें. १८९३ सालीं टिळकांनीं पुण्यांतून, ज्योतिषाच्या पुराव्यावर, वेदांचा काल रूढ समजुतीपेक्षां पुष्कळ मागें नेला. त्याच वर्षीं बॉन येथील प्रा. याकोबी यांनीं रोट यांच्या गौरवार्थ निघालेल्या ग्रंथांत, स्वतंत्रपणें व जवळजवळ त्याच मार्गानें, तसाच निष्कर्ष जर्मन भाषेंत मांडला. एकास दुसऱ्याच्या कामाची वार्ता नव्हती. दोघांचीं मतें शेजारीं ठेवून त्यांचें परीक्षण ब्यूलर यांनीं पुढील वर्षीं इंग्रजींत केलें, म्हणूनच तो वाद आपल्याकडील वाचकांस सुगम झाला. पुढें १९०८ ते १९१४ या काळांत मंडालेच्या तुरुंगांत असतांना टिळकांनीं फ्रेंच व पाली यांबरोबर जर्मनचाही अभ्यास केला. पन्नाशी उलटलेल्या व मधुमेहानें गांजलेल्या मनुष्यानें बंदिवासांत शिकण्यास ही भाषा निवडावी, यावरून तिची उणीव त्यांस किती जाणवली असावी याचें अनुमान करतां येतें. मात्र त्यांचें हें शिक्षण ग्रंथ वाचण्यापुरतें होतें.

आतां या भाषेच्या स्वरूपाकडे थोडें वळूं. कारण वाचन व लेखन यांतील अंतर कोठें पडतें तें त्यावांचून कळावयाचें नाहीं. मराठी मनुष्यास, आणि त्यांतही संस्कृत शिकलेल्यास, जर्मन वाचणें इंग्रजाइतकें परकें वाटत नाहीं. तिला मराठीप्रमाणें तीन लिंगें आहेत. तिच्यांत विभक्ति आहेत. तिचे लांबलचक शब्द पाहून इंग्रज घाबरतो, पण ज्यानें बाणभट्टाचे समास सोडविले आहेत त्यास ते ओळखीचे वाटतात. शेवटचें पद धरावें व मागें मागें जावें, ही रीत दोन्हीकडे सारखी. गौण वाक्यांत क्रियापद शेवटीं येतें; ‘त्यानें पुस्तक वाचलें नाहीं म्हणून’ या मराठी रचनेशीं तें सहज जुळतें. एवढेंच नव्हे तर तिच्या कांहीं क्रियापदांचे उपसर्ग सुटे होऊन वाक्याच्या शेवटीं जाऊन बसतात. ‘आन्फांगेन’ म्हणजे आरंभ करणें. परंतु ‘मी उद्यां आरंभ करतों’ असें म्हणावयाचें झाल्यास ‘फांगे’ कर्त्याच्या लागलीच मागें येतें आणि ‘आन’ सर्वांत शेवटीं. पाणिनीचें संस्कृत जाणणारास हें चमत्कारिक वाटेल, पण ऋग्वेद वाचणारास वाटणार नाहीं. कारण तेथेंही उपसर्ग क्रियापदापासून असाच दूर उभा असतो.

वाचनाची ही वाट अशी बरीच सोपी असली तरी लेखन आरंभितांच तीच साम्यें फसवूं लागतात. लिंगें तीन खरीं, पण सूर्य तेथें स्त्रीलिंगी आहे व मुलगी या अर्थाचा ‘मेडशेन’ शब्द नपुंसकलिंगी. वाचतांना लिंग चुकलें तरी अर्थ हातीं येतो. लिहितांना तें चुकलें कीं विशेषण, उपपद व सर्वनाम हीं सर्व त्याच्यामागोमाग चुकत जातात. मुख्य वाक्यांत क्रियापद दुसऱ्या स्थानीं व गौण वाक्यांत शेवटीं, हा नियम वाचणारानें न पाळला तरी चालतो. लिहिणारास तो प्रत्येक ओळींत पाळावा लागतो. याहून महत्त्वाची गोष्ट क्रियापदाच्या एका विशेष रूपाची. दुसऱ्याचें मत सांगतांना जर्मन लेखक क्रियापदाचें निराळें रूप योजतो. त्या रूपानेंच वाचकास कळतें कीं हें विधान मूळ वक्त्याचें आहे, त्याच्या खरेपणाची हमी प्रस्तुत लेखक देत नाहीं. हेंच काम आपण मराठींत ‘म्हणे’ या लहानशा शब्दावर भागवितों. ‘तो आजारी आहे’ आणि ‘तो म्हणे आजारी आहे’ यांतील भेद खेड्यांतील म्हातारीसही कळतो. परंतु शास्त्रीय प्रबंधांत पानेंच्या पानें हा भेद संभाळणें, आपलें कोणतें व दुसऱ्याचें कोणतें हें क्षणभरही मिसळूं न देणें, हें व्याकरणापेक्षां बुद्धीचें शिक्षण आहे. विद्यापीठांत उच्च जर्मन लेखन शिकण्याचा खरा लाभ माझ्या मतें हाच होय.

हा लाभ ज्यांनीं प्रत्यक्ष घेतला त्यांची संख्या मोठी नाहीं. फर्ग्युसन कॉलेजचे डॉ. पांडुरंग दामोदर गुणे हे लाइपझिगला जाऊन तेथील डॉक्टर झाले व परत आल्यावर १९१८ सालीं त्यांनीं तौलनिक भाषाशास्त्राची प्रवेशिका लिहिली. दुर्दैवानें १९२२ सालींच त्यांचें निधन झालें. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं आधीं केंब्रिज येथें गणित केलें, नंतर बर्लिनला प्रा. ल्यूडर्स यांच्या हाताखालीं शाकटायनाच्या व्याकरणावर जर्मन प्रबंध लिहिला. महायुद्धामुळें तो छापून निघण्यास १९२१ साल उजाडलें. १९२५ सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची सूत्रें त्यांच्या हातीं दिलीं. अशी आवृत्ति निघावी ही मागणी विंटर्निट्झ यांनीं १८९७ सालींच युरोपांतील परिषदेपुढें मांडली होती व १९०८ सालीं ल्यूडर्स यांनीं तिचा नमुनाही छापला होता. परंतु तें कार्य युरोपांत सिद्धीस गेलें नाहीं, पुण्यांत गेलें. सुखठणकरांनीं संपादिलेलें आदिपर्व १९३३ सालीं पूर्ण झालें आणि १९६६ पर्यंत सर्व पर्वें बाहेर पडलीं. १९४२ सालीं मुंबई विद्यापीठांत दिलेल्या व्याख्यानांत सुखठणकरांनीं महाभारताचे तुकडे पाडणाऱ्या पाश्चात्य टीकाकारांचा सडेतोड समाचार घेतला. पुढील वर्षाच्या जानेवारींत ते वारले. ज्यानें त्या पंडितांची भाषा त्यांच्याइतकीच काटेकोरपणें लिहिली होती, त्यासच त्यांच्या पद्धतीचा स्वीकार व त्यांच्या मतांचा अव्हेर एकाच वेळीं करतां आला.

सौ. इरावती कर्वे यांचें उदाहरण याहूनही बोलकें आहे. त्या १९२८ सालीं बर्लिनला गेल्या व प्रा. ऑयगेन फिशर यांच्या हाताखालीं मनुष्याच्या कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेवर त्यांनीं प्रबंध लिहिला. फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या मताचे पुरस्कर्ते. पुढें नाझी राजवटीनें त्यांच्या विद्येचा जो उपयोग केला तो जगजाहीर आहे. कवटीची ही असमानता व वंश यांचा कांहीं संबंध असावा, ही त्यांची कल्पना. इरावतीबाईंनीं निरनिराळ्या वंशांच्या कवट्या मोजून पाहिल्या व तसा संबंध आढळत नाहीं असें स्वच्छ लिहिलें. पंचविशीच्या आंतबाहेरची परदेशस्थ विद्यार्थिनी, परीक्षक स्वतः गुरु, आणि भाषा गुरूची मातृभाषा! गुरूचें मत कोणतें व मोजमापानें निघालेलें सत्य कोणतें, हें वेगळें राखण्याचा जो गुण वर सांगितला, तो येथें केवळ क्रियापदाच्या रूपापुरता राहिला नाहीं.

डॉ. भीमराव आंबेडकर यांनींही या दाराशीं पाऊल ठेविलें होतें ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. लंडनमध्यें अर्थशास्त्राचें अध्ययन चालू असतांनाच १९२१ सालीं त्यांनीं बॉन विद्यापीठांत नांव दाखल केलें. त्यासाठीं त्यांनीं स्वहस्तें लिहिलेले जर्मन कागद त्या विद्यापीठाच्या दफ्तरांत आहेत. तेथें राहून अध्ययन करण्याचा योग पुढें आला नाहीं. तरी ज्या जातींत जन्मल्यामुळें स्वदेशीं शाळेंत संस्कृत शिकण्याची मनाई झाली, त्या विद्यार्थ्यास संस्कृतविद्येचें पीठ म्हणून गाजलेल्या बॉनचा दरवाजा जर्मन अर्जानें उघडला, ही घटना आपल्या समाजानें विसरण्यासारखी नाहीं.

लेखनाची ही परंपरा पुढें क्षीण कां झाली, याचें एक कारण परस्परविरोधी वाटेल. तें म्हणजे उत्तम भाषांतर. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांचें बालपण वऱ्हाडांत अमरावतीस गेलें होतें. त्यांच्या पत्नी शीलवतीबाई, पूर्वाश्रमीच्या एडिथ कोहन, या जन्मानें जर्मन ज्यू. विंटर्निट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचें इंग्रजी भाषांतर त्यांनीं केलें. पहिला खंड १९२७ सालीं व दुसरा १९३३ सालीं कलकत्ता विद्यापीठानें प्रसिद्ध केला. या भाषांतराचे उपकार फार मोठे आहेत. परंतु तें हातीं आल्यावर मूळ ग्रंथ उघडण्याची निकड कमी झाली. पुढें इंग्रजी हीच जगाच्या विद्येची भाषा होत गेली आणि जर्मनमधील जें इंग्रजींत आलें नाहीं, तें अस्तित्वांतच नाहीं असें मानण्याची संवय आपल्यास लागली.

या संवयीची किंमत कोण देतो, हें समजण्यास बुलढाणा जिल्ह्याकडे पाहावें. अजिंठ्याच्या डोंगराची रांग या जिल्ह्याच्या अंगावरूनच गेली आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील वाकाटक राजांचा लेख ब्यूलर यांनीं १८८३ सालीं वाचून प्रसिद्ध केला. त्यांच्या वाचनांत सर्वसेन या राजाचें नांव हातीं लागलें नव्हतें. १९३९ सालीं शेजारच्या वाशीम येथें ताम्रपट सांपडले आणि नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं त्यांच्या आधारें तो पाठ दुरुस्त करून वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा इतिहास उभा केला. ब्यूलर यांचें वाचन इंग्रजींत होतें म्हणून त्याची तपासणी वऱ्हाड-नागपुरांतून होऊं शकली. बुलढाण्याचे वकील यादव माधव काळे यांनीं १९२४ सालीं ‘वऱ्हाडचा इतिहास’ प्रसिद्ध केला, त्यावरून आपला इतिहास आपण लिहावा ही ईर्ष्या या जिल्ह्यांत होती हेंही दिसतें. उणीव होती ती साधनभाषेची.

दुसरें उदाहरण लोणारचें. सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें तें वाटोळें विवर ज्वालामुखीचें, असें भूशास्त्रज्ञ दीर्घकाळ बहुधा समजत. १९२१ सालीं आल्फ्रेड वेगेनर यांनीं चंद्रावरील विवरांच्या उत्पत्तीवर एक लहान जर्मन पुस्तक लिहिलें. सिमेंटच्या पुडीवर पूड टाकून प्रयोग केले, व हीं विवरें आकाशांतून पडलेल्या पिंडांच्या आघातानें झालीं असें प्रतिपादन केलें. लोणारचें विवर उल्कापातानें झालें याचा निर्णायक पुरावा १९७३ सालीं पुढें आला, आणि काळ्या बसाल्ट खडकांतील हें विवर चंद्राच्या अभ्यासास विशेष उपयोगी ठरलें. वेगेनरचें पुस्तक हातीं धरून लोणारच्या कांठीं उभा राहणारा एखादा वाचक १९२१ सालीं असता, तर त्यास उत्तर सांपडलें असतें असें मी म्हणत नाहीं. पण प्रश्न त्याच वेळीं विचारला गेला असता, एवढें खास.

तसा वाचक निपजावा कसा? नागपूर विद्यापीठ व अमरावतीचें कॉलेज हीं १९२३ सालीं निघालीं, आणि अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ १९८३ सालीं झालें. उच्च जर्मन शिकण्याचा विचार मनांत आला कीं बुलढाण्याच्या विद्यार्थ्यास प्रथम पुण्याची आठवण होते. तेथें १९४९ सालीं विद्यापीठ स्थापन झाल्यापासून रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूनें परभाषांच्या अनेक पिढ्या घडविल्या. आज जर्मनकडे ओढा कमी नाहीं, उलट वाढला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक यांस तेथें काम मिळावें व त्यासाठीं भाषा शिकवावी, अशी ती योजना. ज्या व्युर्टेम्बेर्गनें हौग यांस पुण्यास शिकवावयास धाडलें, त्याच प्रदेशीं आतां आपलीं मुलें राबावयास जाणार. यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. अवर्षणानें व कापसाच्या भावानें पिचलेल्या घरांतील मुलास मानाची भाकरी मिळत असेल तर ती कोणत्याही कोशापेक्षां मोलाची आहे.

परंतु या कामापुरत्या भाषेंत एक धोका आहे व तो त्या मुलांच्याच हिताचा आहे. हुकूम समजण्यापुरती भाषा आली कीं नोकरी टिकते. करारपत्राचें बारीक कलम वाचतां आलें कीं हक्क टिकतो. आणि आपली तक्रार, आपला अनुभव, आपलें मत शुद्ध भाषेंत लिहितां आलें कीं माणूस त्या समाजांत माणूस म्हणून उभा राहतो. सुखठणकर व इरावतीबाई यांच्या बाबतींत जें खरें ठरलें, तें स्टुटगार्टच्या रुग्णालयांत रात्रपाळी करणाऱ्या मेहकर-चिखलीच्या मुलीच्या बाबतींतही खरेंच ठरणार आहे. म्हणून भाषा शिकविणाऱ्यांनीं संभाषणाच्या परीक्षेवर समाधान मानूं नये. वाचन व लेखन यांची शिस्त पहिल्यापासून लावावी. तसेंच वऱ्हाडांतील महाविद्यालयांनीं, निदान इतिहास, संस्कृत व भूशास्त्र यांच्या हुशार विद्यार्थ्यांपैकीं दोघां-चौघांस तरी, उच्च जर्मनच्या अभ्यासास दरवर्षीं शिष्यवृत्ति देऊन धाडावें. खर्च फार नाहीं. आपले शिलालेख, आपलें सरोवर व आपले ग्रंथ यांविषयीं जगांत जें लिहिलें जातें, तें वाचून त्याच भाषेंत त्यास उत्तर देणारे चार जण जिल्ह्यास लाभले, तरी पुढच्या पिढीस ही चर्चा बाहेर उभें राहून ऐकावी लागणार नाहीं.